दिसणारा काटा परवडला

निवडुंगाचा मोठा काटा मला कधी फारसा नडला नाही. तो दिसतो, त्यामुळे माणूस अंतर राखून वागतो. नडतात ते चीक आणि कुसळ.

आमच्या गच्चीच्या कडेला रोपवाटिकेतून ‘कॅक्टस’ म्हणून आणलेली तीन धारांची उंच झाडं आहेत. कललेली फांदी माळीकाका कोयत्याने तोडत असताना चिकाचा शिंतोडा त्यांच्या डोळ्यात उडाला. डोळा लगेच धुतला, तरी संध्याकाळपर्यंत पापणी सुजून मिटलेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, “झाड कुठलं?” डोळा वाचला, पण पुढचे काही दिवस काकांना उजेड सोसवत नव्हता.

ते झाड कॅक्टस नव्हतंच. त्रिधारी निवडुंग, कोकणात कुंपणाला लावतात तो शेर, हे सगळे युफोर्बिया. घ्यायच्या आधी काट्याचं बूड बघा. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून निघतात. त्रिधारीचे धारेवर जोडीजोडीने येतात. नुसत्या चिकावरून ठरवू नका, मॅमिलेरिया या कॅक्टसच्या काही जातींनाही दुधासारखा चीक असतो. छाटताना चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या हव्यातच. चीक डोळ्यात गेलाच तर न चोळता निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि तडक डॉक्टर गाठा. घरगुती थेंब नकोत.

कुसळांची गंमत अशी, की ती असलेली झाडं गोंडस दिसतात. सशाच्या कानांसारखा, पिवळ्या ठिपक्यांचा छोटा कॅक्टस हमखास टेबलावर येतो आणि मुलं त्याला कुरवाळतात. प्रत्येक ठिपका म्हणजे उलट्या दातांच्या शेकडो कुसळांचा पुंजका. बोट चोळलं किंवा तोंडात घातलं की संपलंच. दिसतील ती चिमट्याने काढा; मग फेविकॉलचा थर, त्यावर गॉजपट्टी, आणि पूर्ण वाळल्यावर ओढून काढा.

हीच कुसळं फड्या निवडुंगाच्या लाल बोंडांवरही असतात. बोंड चिमट्यात धरून जाळावर फिरवा, मगच सोला. फड्या मूळचा अमेरिकेतला. बांधावर लावला की गुरं आत शिरत नाहीत. मात्र तो नको तिथे पसरतो. किरमिजी रंगाच्या लोभाने 1795 मध्ये ब्राझीलहून कोचिनील किडा म्हणून भलताच भाऊबंद भारतात आला. रंग जेमतेम, पण निवडुंगाची एक जात त्याने फस्त केली. पुढे 1926 मध्ये दुसऱ्या जातीवर तसलाच किडा मुद्दाम सोडावा लागला. म्हणून बांधावर लावायचाच तर दरवर्षी छाटायची तयारी ठेवा, आणि तोडलेली फडी ओढ्याकडेला टाकू नका. पडल्या जागी ती मूळ धरते. चाऱ्यासाठी बिनकाट्याची जात मिळते, पण फडीत बहुतेक पाणीच. नुसती घातली तर जनावराला ढाळ लागते. तुकडे करून कडब्यात मिसळा.

शोभेसाठी घेताना फूल हलवून बघा. कित्येकदा ते वाळकं फूल गोंदाने चिकटवलेलं असतं. लाल-पिवळ्या गोळ्याचा कलमी कॅक्टस जास्त वर्षं टिकत नाही, त्यात हरितद्रव्यच नसतं. कुंडीला खाली भोक हवं, आणि पावसाळ्यात ती पागोळ्यांखाली नको.

घरात लहान मुलं असतील तर मी ब्रह्मकमळ सुचवते. आपल्या बाल्कन्यांत रात्री फुलणारं हे झाड हिमालयातलं नव्हे, मेक्सिकोकडचा कॅक्टसच आहे. त्याला सावली चालते, पाणी जरा जास्त लागतं, आणि पान तोडून शेजारी द्यायला हातमोजे लागत नाहीत.