थीम कुणासाठी?

लिनक्स टाकलं की आपण सगळे पहिलं काम एकच करतो : थीम बदलतो. मीही तेच केलं. उचगावात आमचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एक्सएफसीई डेस्कटॉप टाकला, कारण तो कमी मेमरीतही बरा चालतो. त्यावर एक काळीकुट्ट थीम चढवली. मित्र म्हणाले, "लई भारी!"

दोन दिवसांनी वडिलांनी दरपत्रकात 86 च्या जागी 66 वाचलं आणि वीस नगांवर चारशे रुपये बुडाले. मला बोलावून म्हणाले, "ह्यो आठ हाय का सहा, कळतंय व्हय?" काळ्यावर राखाडी अक्षरं. मलाही नीट कळेना. मग थीम म्हणजे नेमकं काय असतं, हे मुळापासून बघायला बसलो.

थीम म्हणजे एक साधं फोल्डर. त्यात बटणं, मेनू आणि अक्षरांचे रंग ठरवणाऱ्या फाइल्स एका भागात, तर खिडकीची चौकट दुसऱ्या भागात असते. आयकॉन्सचं फोल्डर वेगळंच.

बसवायची कशी? होम फोल्डरमध्ये 'डॉट थीम्स' नावाचं फोल्डर करा (आयकॉन्ससाठी 'डॉट आयकॉन्स'). ही नावं रोमन लिपीत लिहायची. सुरुवातीला टिंब असल्यामुळे फोल्डर लपलेलं राहतं, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं. डाऊनलोड केलेली थीम तिथे उलगडा. इथे माझा तासभर गेला. उलगडल्यावर फोल्डरच्या आत पुन्हा फोल्डर तयार झालं होतं, म्हणून थीम यादीत येतच नव्हती. आतलं फोल्डर एक पायरी वर आणलं आणि काम झालं. मग सेटिंग्जमधल्या 'अपिअरन्स'मध्ये थीम निवडा आणि 'विंडो मॅनेजर'मध्ये चौकट. दोन्ही ठिकाणची निवड तपासायला विसरू नका.

आपल्यासारखी कशी करायची? 2011 साली आलेल्या जीटीके 3 पासून या थीम्स सीएसएसमध्ये लिहितात, म्हणजे वेबपेजला वापरतो तीच भाषा. थीमच्या मूळ फाइलला हात लावू नका, कारण नवी आवृत्ती आली की तुमचे बदल पुसले जातात. त्याऐवजी होममधल्या 'डॉट कॉन्फिग'मध्ये 'जीटीके-3.0' या फोल्डरात 'जीटीके डॉट सीएसएस' ही फाइल करा. थीम काहीही म्हणो, शेवटचा शब्द या फाइलचा. मी त्यात फक्त मजकुराच्या चौकटीचा रंग बदलला : पांढऱ्यावर काळी अक्षरं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की बदल दिसतो. मात्र ग्नोमचे 2022 नंतरचे बरेच प्रोग्रॅम बाहेरची थीम सहसा मानत नाहीत, तिथे ही युक्ती चालेलच असं नाही.

रंग निवडताना एक आकडा लक्षात ठेवा. वेबसाठीच्या सुगम्यता-नियमांप्रमाणे साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान 4.5 ला 1 हवं. पांढऱ्यावर काळं म्हणजे 21 ला 1. आमच्या देखण्या थीमचं किती असेल, तुम्हीच ताडा!

शिवाय 'फॉन्ट्स'मध्ये डीपीआय 96 वरून 120 केला, म्हणजे सगळीच अक्षरं मोठी झाली. चौकटीला 'डीफॉल्ट-एचडीपीआय' निवडली, त्यामुळे खिडकी बंद करायचं बटणही मोठं झालं. फॉन्ट 'नोटो सान्स देवनागरी' ठेवला आणि सिस्टिमची भाषा मराठी केली, त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे आले.

शेवटी वडिलांना नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या चष्म्यात बसवलं आणि दहा दर वाचायला लावले. दहाच्या दहा बरोबर. काळी थीम बाकी सगळीकडे अजून आहेच, फक्त दरपत्रक तेवढं पांढरं. थीम लावाच, हौसेनं लावा. पण कॉम्प्युटरसमोर रोज जो बसतो, त्याच्याकडून एकदा वाचून घ्या.