व्हॉल्व्ह नवा, दिवा जुनाच

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर ‘पी०४४४’ येतो. गॅरेजवाल्याने टाकीचं झाकण आणि पर्ज व्हॉल्व्ह दोन्ही बदलले, तरी दिवा परत येतो. आता काय करू?

उत्तर : झाकणाचा खर्च फुकट गेला. झाकण सैल असेल तर गळतीचा कोड येतो. पी०४४४ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हचं सर्किट कुठेतरी तुटलंय. टाकीतली पेट्रोलची वाफ कॅनिस्टरमधल्या कोळशात साठते आणि हा व्हॉल्व्ह उघडला की इंजिन ती ओढून घेतं.

व्हॉल्व्हचा कनेक्टर काढा. इग्निशन ऑन करून (इंजिन बंदच ठेवा) मल्टिमीटरने दोन्ही पिना बॉडी अर्थशी तपासा. बहुतेक गाड्यांत एकीवर १२ व्होल्ट हवेतच. नसतील तर आधी फ्यूज, मग रिले. असतील तर दुसरी वायर बघा. तिला ईसीयू आतून अर्थ देतो. बॅटरी सोडवून, ईसीयूचा प्लग काढून, तिची कंटिन्युइटी घ्या आणि घेताना वायरिंग हलवत राहा. इंजिनाच्या थरथरीने आतली तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. कनेक्टरमधली हिरवी बुरशी आणि मागे सरकलेली पिनही बघा. माझा पहिला संशय तिथेच. नव्या व्हॉल्व्हची कॉइलही मोजा, साधारण २०-३० ओहम येतात. ईसीयू बदलायला कुणी सांगितलं, तर हे सगळं झाल्याशिवाय पैसे देऊ नका.