डॅशबोर्डाची कैफियत

ज्यांच्या घरी जुनी स्पोर्ट्स कार आहे आणि जिच्या डॅशबोर्डावरील आवरण उन्हाने, वयाने किंवा पूर्वीच्या मालकाच्या हेळसांडीने उकलू लागले आहे, त्यांनी ते नव्याने मढविण्यासाठी गाडी कोणाच्या हवाली करण्यापूर्वी पुढील हकीकत वाचावी. बाकीच्यांनी ती वाचली नाही तरी माझी तक्रार नाही, कारण हे लिहिण्यामागे इतरांना सावध करावे हा निम्मा हेतू असला, तरी मनातील जळफळाट एकदाचा कागदावर उतरवावा हा उरलेला निम्मा हेतू मुळीच गौण नाही.

गाडी एम.जी.ए. १६०० मार्क टू, १९६१ सालची. जाणत्यांना अधिक सांगणे नलगे; परंतु ट्रिमर म्हणविणाऱ्या, म्हणजे मोटारींच्या आतील कातडीकाम आणि रेक्झीनकाम यांवरच पोट भरणाऱ्या, गृहस्थालाच ते ठाऊक नव्हते म्हणून सांगतो. १९५५ साली निघालेल्या मूळ एम.जी.ए. रोडस्टरचा डॅशबोर्ड हा नुसता रंगविलेला पत्रा असे. मार्क टूमध्ये मात्र तो पत्रा आणि त्याच्या माथ्यावरून काचेकडे जाणारा भाग व्हिनाइलने मढवून येई. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एकूण एक लाखाहून अधिक एम.जी.ए. बाहेर पडल्या, त्यांपैकी मार्क टू अवघ्या ८,७१९; तेव्हा कोणतेही सचित्र पुस्तक उघडले तरी रंगविलेला पत्राच प्रथम दिसतो, यात नवल नाही. या गृहस्थाने असलेच एक पुस्तक माझ्यापुढे उघडून, आपण मढवून देतो ही खरे तर तुमच्यावर मेहेरबानीच, असे मला पहिल्याच भेटीत ऐकविले. त्याचे दुकान आमच्याच परगण्यात, ऑक्सफर्डपासून फार दूर नव्हे. भिंतीवर प्रशस्तिपत्रे, बोलणे लोण्याहून मऊ, आणि शिफारस एका अशा स्नेह्याची, की ज्याच्या शब्दावर अविश्वास दाखविणे हा त्याचा अपमान ठरला असता.

मी काहीही तोंडी ठेवले नव्हते, हे येथे ठासून नमूद करतो. व्हिनाइल पातळ असावे व त्यामागे स्पंज नसावा, काढलेले जुने आवरण मला परत मिळावे, आणि तापमान दाखविणाऱ्या घड्याळाच्या नळीस हात लावण्यापूर्वी मला बोलावावे, हा सारा मजकूर मी पत्राने कळविला होता. त्याने ते पत्र वाचल्यासारखे केले, नीट घडी घालून खिशात ठेवले, आणि माझा कयास असा, की ते पुढे तेथेच राहिले. मग सुरू झाली दिरंगाई. कधी माल आला नाही, कधी हाताखालचा मनुष्य आजारी, कधी दुसऱ्याची लग्नाची मोटार तातडीने पुरी करावयाची. माझ्या प्रत्येक तगाद्याला उत्तर मात्र असे गोड, की फोन खाली ठेवताना आपणच काही अनुचित वर्तन केले की काय, असे वाटावे.

अखेर बोलावणे आले. दुरून पाहता काम झकपक दिसत होते. जवळ गेलो तेव्हा प्रथम वेगाच्या घड्याळाभोवती लक्ष गेले: क्रोमची कडी आणि नवे व्हिनाइल यांच्यामध्ये, एका बाजूस, नखाएवढी उघड्या पत्र्याची चंद्रकोर. कारण उघड होते. कापड ताणून चिकटविण्याच्या आधीच त्यावर भोके पूर्ण मापाने कापून ठेवली होती, आणि ताण बसताच ती रुंदावली व सरकली. पुढे पाहतो तो व्हिनाइलला मागे स्पंज. त्यामुळे स्विचांचे आटे पत्र्यातून पुरेसे बाहेरच येत नव्हते आणि प्रत्येक चाकी जेमतेम एका आट्यावर लटकली होती. वायपरची खुंटी मी ओढली ती स्विचसकट माझ्या हातात आली.

हे सगळे मी गिळले असते. परंतु नंतर मान वाकवून डॅशबोर्डाखाली पाहिले, तेव्हा तापमानाच्या घड्याळामागून निघालेली तांब्याची बारीक नळी वीतभर खाली येऊन संपलेली दिसली. टोक पक्कडीने साफ कापलेले होते आणि त्यावर काळी चिकटपट्टी व्यवस्थित, अगदी प्रेमाने, गुंडाळलेली होती. चिकटपट्टी! म्हणजे या मनुष्याने ती विजेची तार समजून कापली होती आणि धक्का बसू नये म्हणून तिचे टोक बांधून ठेवले होते. त्या नळीचे दुसरे टोक इंजिनच्या पाण्यात बुडालेले असते. टोकाच्या फुगवट्यात इथर असते. पाणी तापले की इथरच्या वाफेचा दाब नळीतून वर चढून काटा हलवितो. नळी जन्मतः सीलबंद, तिला ना सांधा ना दुसरी वाट. ती कापणे म्हणजे ते घड्याळ मारणे; आणि या गाडीत तेच घड्याळ अर्ध्या तबकडीत तेलाचा दाबही दाखविते, त्यामुळे तेलाचा अर्धा भाग शाबूत असूनही आख्खे यंत्र विशेष कारागिराकडे धाडावे लागते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "ती तार कुठे जाते ते कळेना, म्हणून तात्पुरती कापली. जोडता येईल की." आणि मी गप्प राहिलेला पाहून पुढे म्हणाला, "साठ वर्षांच्या गाडीत काहीतरी मोडायचंच." पुण्याच्या नाना पेठेतल्या गॅरेजमधल्या कोणत्याही पोऱ्याने पक्कड लावण्यापूर्वी निदान एवढे तरी विचारले असते, की साहेब, ही नळी कसली?

जुने आवरण मागितले, तर ते कचऱ्यात गेले होते. ज्याच्या पोतावरून नवे कापड पसंत करावयाचे, ज्याच्या भोकांवरून नवी भोके आखावयाची, तोच एकमेव अस्सल दस्तऐवज त्याने फेकून दिला होता. बिलात मात्र "उपकरणे काळजीपूर्वक काढणे" अशी स्वतंत्र बाब आणि तिच्यापुढे स्वतंत्र रक्कम.

आता ज्यांना यातून काही घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी. शिफारस करणाऱ्याला त्याची स्वतःची गाडी दाखवावयास सांगावे, आणि तीही उन्हाळा उलटल्यावर. दर लेखी घ्यावा, आगाऊ रक्कम थोडी द्यावी, हे सगळेच सांगतात व मीही सांगतो. घड्याळे मात्र स्वतः काढावीत किंवा काढताना समोर उभे राहावे. या गाड्यांत आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या असतात. त्या प्रथम सोडवाव्यात. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी, कारण लुकास कंपनीच्या तारांतील तपकिरी, जी बॅटरीकडून थेट येते, आणि जांभळी, जी फ्यूजमधून येते, या दोघी वयोपरत्वे एकाच मळकट रंगाच्या झालेल्या असतात. तापमानाची नळी इंजिनच्या बाजूने सोडवून, वेटोळे मोठे ठेवून, फुगवट्यासकट आत ओढून घ्यावी. घड्याळ तिच्यासह निघते. तिला घडी पडू देऊ नये.

व्हिनाइल ताणल्यावर सर्व दिशांना सारखे देणारे, पातळ आणि बिनस्पंजाचे घ्यावे. त्याखालचा पत्रा गंजमुक्त करून त्यावर इपॉक्सी प्रायमर द्यावा, कारण साधा रंग गोंदातील द्रवाने मऊ होऊन सुटतो. गोंद उष्णता सोसणारा हवा. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे सहज जातो आणि स्वस्त गोंद तेथे सैल पडून कापडाचे फुगे येतात. हिवाळ्यात हे काम करू नये. दमट थंडीत गोंदातील द्रव उडताना थर आणखी गार पडतो, त्यावर हवेतील ओल बसते, आणि जोड वरून धड दिसूनही काही महिन्यांनी कड उचलते.

पुढे माझे काम एका वृद्ध बाईंनी केले. त्यांनी मला शेजारी उभे राहू दिले, एवढेच नव्हे तर बोटही लावू दिले. पत्रा आणि कापड या दोहोंवर गोंदाचा पातळ हात देऊन, बोट कोरडे निघेपर्यंत त्या थांबल्या. दोहोंवर मध्यरेषा आखलेली होती, तिच्यावर कापड टेकवून तेथून दोन्ही बाजूंस, केस वाळविण्याच्या यंत्राने ऊब देत देत, तळहाताने ते पसरवीत गेल्या. भोके तोवर अस्पर्श होती. कापड पुरते बसल्यावर त्यांनी प्रत्येक भोकाच्या मध्याशी लहान वर्तुळ कापले, तेथून काठाच्या दोनतीन मिलिमीटर अलीकडे थांबतील अशा चिरा किरणांसारख्या दिल्या, आणि पाकळ्या एकेक करून मागे वळविल्या. बाहेरच्या काठाशी, जेथे वळण बाहेर फुगते तेथे, कापडाचे त्रिकोण काढले, म्हणजे मागे चुण्या साचत नाहीत. घड्याळ बसविताना अडले तर पाकळ्या छाटाव्यात. भोक मोठे करू नये.

आणखी एक, जे या बाईंनीही सांगितले नाही, माझे मलाच उमगले: घड्याळांचे दिवे पत्र्यातूनच अर्थिंग घेतात. नव्या प्रायमरने तो मार्ग बंद होतो आणि सारे जागेवर बसविल्यानंतर अंधार पडतो. मागच्या बाजूस घड्याळ आवळणाऱ्या पट्टीखालचा प्रायमर खरवडावा किंवा अर्थिंगची काळी तार स्वतंत्र ओढावी.

राहिला पैशांचा प्रश्न. इंग्लंडमध्ये २०१५ चा ग्राहक हक्क कायदा कारागिराकडून वाजवी दक्षता आणि कौशल्य यांची अपेक्षा करतो. प्रथम काम पुन्हा करून मागता येते, ते शक्य नसेल किंवा वाजवी मुदतीत होत नसेल तर रकमेत सूट. दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा किरकोळ दाव्यांच्या कोर्टात वकिलाविना लावता येतो. माझे पहिले पत्र आणि कापलेल्या नळीचे छायाचित्र जोडून दाव्यापूर्वीची नोटीस मी धाडली, तेव्हा त्या लोण्याने प्रथमच थोडा आकार घेतला आणि बहुतांश रक्कम परत आली. घड्याळाच्या दुरुस्तीचा खर्च मात्र त्याने "सदिच्छा म्हणून" निम्माच दिला, आणि मी, कोर्टकचेरीचा कंटाळा येऊन, तो घेतला. एम.जी. कार क्लबच्या एम.जी.ए. विभागात चौकशी केल्यास चांगल्या ट्रिमरांची नावे मिळतात. माझ्याकडेही विचारणा होते. दुसऱ्या कारागिरणीचे नाव मी आनंदाने देतो, आणि पहिल्याचे नाव, खाजगीत, त्याहूनही अधिक आनंदाने.