बाहेरचे अंगण



मराठवाड्यात आपल्यापैकी कित्येकांच्या सोयरिकीत ख्रिस्ती घरे आहेत. तेथे पवित्र शास्त्र वाचले जाते, आपण पाहुणे म्हणून ऐकतो. ऐकताना एक प्रश्न मनाशी ठेवावा: हे वचन कोणत्या काळी, कोणासमोर बोलले गेले?

मार्कच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय घ्या. येशू यरुशलेमच्या मंदिरात जातो आणि सराफांचे चौरंग, कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठका उलथून टाकतो. प्रवचनात याचा अर्थ बहुधा एवढाच सांगतात, की देवाच्या घरी धंदा करू नये. (तेही आपल्याकडील बडव्यांना ऐकवण्याजोगे आहे!) पण त्या मंदिराची रचना पाहा. सर्वांत बाहेर मोठे अंगण. परकीयांना तेवढ्यापुरतीच मोकळीक. पुढे दगडी कठडा आणि त्यावर ग्रीक भाषेत ताकीद: परकीयाने आत पाऊल टाकले तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. ही दंतकथा नव्हे. असा कोरीव दगड १८७१ साली यरुशलेमात सापडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. बाजार भरे तो याच बाहेरच्या अंगणात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्यांना आत मज्जाव, त्यांच्या वाट्याची जागाही बाजाराने व्यापली होती. म्हणून येशू यशया संदेष्ट्याच्या वचनाचा आधार घेतो, की हे प्रार्थनागृह सर्व राष्ट्रांसाठी आहे. ‘सर्व राष्ट्रांसाठी’ हे शब्द मार्क देतो. मत्तय आणि लूक ते गाळतात.

चेन्नईच्या गुरुकुल महाविद्यालयातील दलित ख्रिस्ती पंडित अरविंद निर्मल (मृत्यू १९९५) यांनी हा प्रसंग मंदिरप्रवेश नाकारलेल्यांच्या बाजूने वाचला. आपल्याला २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झालेला काळाराम सत्याग्रह आठवणारच.

मात्र येथे घाई नको. इतिहास साम्य दाखवतो तसा भेदही दाखवतो. यरुशलेमचा परकीय यहुदी धर्म स्वीकारून कठड्याच्या आत जाऊ शकत होता. काळारामाच्या दाराशी उभे राहिलेले आपले लोक तर हिंदूच म्हणवले जात होते, तरी दार बंद! त्यांनी आणखी कोणता धर्म स्वीकारायचा होता? दोन्ही कठडे एकच मानले तर जातीचा डंख झाकला जातो. ख्रिस्ती आप्तांशी बोलताना हेही मोकळेपणाने मांडा.

त्यांच्याकडे गेलात तर मार्क ११ आणि यशया ५६ हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा. यशयाच्या त्या अध्यायात परकीयांबरोबर षंढांनाही जागा दिली आहे. आणि अनुवादाच्या पुस्तकातील तेविसाव्या अध्यायाने त्यांना मंडळीबाहेर ठेवले होते.