रोवणीचे कर्ज आणि सलमचा व्यवहार

सूरह अल्-बकरामध्ये व्याजाचा निषेध सांगितल्यावर लगेच 280 व्या आयतीत कर्जदाराचा विचार आला आहे. तो अडचणीत असेल तर सुलभता येईपर्यंत त्याला अवधी द्यावा आणि कर्ज माफ केले तर ते अधिक चांगले, असा तिचा आशय. मूळ शब्द 'मयसरह'. त्याचा संबंध सुलभतेशी आहे. म्हणजे सवलतीची मुदत कर्जदाराच्या ऐपतीने ठरते.

भंडारा जिल्ह्याचे मुख्य पीक धान. जुलैतील रोवणीला मजुरी व खत रोखीने लागते. पैसा येतो मळणीनंतर, आणि आधारभूत केंद्रावर धान मोजून दिले तरी चुकाऱ्यांची वाट पाहावी लागते. सूक्ष्म वित्त कंपनीचा हप्ता मात्र दर आठवड्याला किंवा महिन्याला दारात उभा. तो भरण्यासाठी दुसरे कर्ज निघते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज पडत नाही, हे खरे. पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटईदाराला त्याचा काय उपयोग?

अशा घराला व्याज हराम आहे एवढेच मिंबरवरून सांगणे अपुरे आहे. शरीअतने 'सलम'चा मार्ग दिला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील लोक खजुराचे पैसे वर्ष-दोन वर्षे आधी देत असत. आपण (स.) तो व्यवहार बंद केला नाही, माप, वजन आणि मुदत निश्चित असावी, असे सांगितले (सहीह बुखारी). धानालाही तो लागू पडतो. खरेदीदाराने जुलैतच पूर्ण रक्कम द्यावी आणि शेतकऱ्याने ठरलेल्या जातीचे, ठरलेले क्विंटल धान ठरलेल्या तारखेला द्यावे. अमुक बांधीतलेच धान हवे, अशी अट मात्र फुकहांनी मान्य केलेली नाही. ती बांधीच बुडाली तर द्यायचे काय?

पीक गेले तर खरेदीदाराने दिलेली रक्कम तेवढीच परत घ्यावी किंवा थांबावे. थांबण्याबद्दल दोन क्विंटल वाढवून मागितले की ते व्याजच झाले, नाव सलमचे असले तरी. भावाचेही तसेच. आगाऊ पैसे देणाऱ्याने भाव थोडा कमी धरणे समजण्यासारखे आहे. अडलेल्याचा माल निम्म्या किमतीत बांधून घेणे ही त्याच्या गरजेची लूट आहे.

हा व्यवहार तोंडी करू नये. आयत 282 मध्ये उधारी लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. धानाची जात, क्विंटल, तारीख, माल पोचवण्याची जागा आणि दिलेली रक्कम कागदावर यावी. एक प्रत शेतकऱ्याकडे राहावी.