एक वापरकर्ता, दोन तिजोऱ्या

लिनक्सच्या लॉगिन-पडद्यावर ‘सेशन’ निवडण्याची सोय असते. आज जीनोम, उद्या केडीईचा प्लाझ्मा, परवा एखादा हलकाफुलका विंडो मॅनेजर. संगणक तोच, वापरकर्ता तोच, फायलीही त्याच. तरीही आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी वारंवार विचारतात, “सर, काल क्रोमियममध्ये पासवर्ड होते, आज सेशन बदललं तर एकही दिसत नाही. पुसले गेले का?”

बहुधा पुसले गेलेले नसतात. क्रोमियम पासवर्ड स्वतःच्या फायलीत कुलूपबंद ठेवतो. पण त्या कुलपाची किल्ली मात्र तो डेस्कटॉपच्या तिजोरीत ठेवतो. जीनोममध्ये ही तिजोरी म्हणजे ‘जीनोम कीरिंग’, केडीईमध्ये ‘केवॉलेट’. एकाच वाड्यात दोन कारभारी असावेत आणि एकाच्या किल्ल्या दुसऱ्याला ठाऊक नसाव्यात, असा हा प्रकार होय. सेशन बदलले की क्रोमियम दुसऱ्या कारभाऱ्याकडे जातो. तेथे जुनी किल्ली नसते; साहजिकच जुने पासवर्ड उलगडत नाहीत, आणि कुकीजही वाचता न आल्याने संकेतस्थळे पुन्हा लॉगिन मागतात. हलक्या विंडो मॅनेजरमध्ये तर क्रोमियम कोणतीच तिजोरी न शोधता ‘बेसिक’ पद्धत पत्करतो. तिची किल्ली कार्यक्रमाच्या जगजाहीर संहितेतच लिहिलेली आहे. म्हणजे कुलूप लावून किल्ली चौकटीलाच टांगून ठेवण्यासारखे.

दोष शोधताना मी प्रथम ‘एक्सडीजी करंट डेस्कटॉप’ हे पर्यावरण-चल छापून पाहतो. क्रोमियम मुख्यतः त्यावरूनच तिजोरी ठरवतो. नंतर डी-बसवर ‘सीक्रेट सर्व्हिस’ हे नाव कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. हे नाव एका वेळी एकाच कार्यक्रमाला मिळते. पूर्वी ते बहुतेक जीनोम कीरिंगकडेच असे. २०२२ पासून केवॉलेटही ही सेवा देऊ शकतो, त्यामुळे दोघेही हजर असले तर जो आधी आला त्याची सत्ता.

दुसरी तक्रार वेगळी आहे : तिजोरी आहे, पण दर वेळी पासवर्ड विचारते. येथे पॅम नावाची प्रमाणीकरण-व्यवस्था समजून घ्यावी लागते. आपण लॉगिनला जो पासवर्ड देतो, तोच पॅम तिजोरीच्या हाती देतो आणि ती उघडते. स्वयंचलित लॉगिन ठेवले, किंवा बोटाच्या ठशाने आत आलो, तर देण्यास पासवर्डच नसतो. तिजोरी बंद राहते, यात तिचा काय दोष? केवॉलेटची एक अट अधिक : तिजोरीचे नाव ‘केडीईवॉलेट’ हेच हवे, पासवर्ड लॉगिनचाच हवा, आणि कुलूप जीपीजी पद्धतीचे नसावे. व्यवस्थापकाने रूट अधिकाराने तुमचा लॉगिन-पासवर्ड बदलला, तर तिजोरीचा पासवर्ड जुनाच राहतो, हेही ध्यानात ठेवावे.

अशा वेळी ‘कीरिंगची फाईल पुसून टाक, सगळे ठीक होईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो घातक वाटतो. त्रास थांबतो खरा, पण आतील सर्व गुपिते जातात. क्रोमियमची किल्लीही जाते आणि ब्राउझरची फाईल निरुपयोगी होऊन पडते. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा पासवर्ड त्यातच असला, तर अखेरच्या तारखेला काय करणार? जुना पासवर्ड आठवत असेल तर ‘सीहॉर्स’ उघडून ‘लॉगिन’ कीरिंगचा पासवर्ड नव्याशी जुळवावा. पाच मिनिटांचे काम. आठवत नसेल तरी फाईल पुसू नये, नुसते तिचे नाव बदलून ठेवावी. पुढेमागे आठवला तर?

दोन्ही सेशन वापरणाऱ्यांनी एकच कारभारी नेमावा. क्रोमियम सुरू करण्याच्या आज्ञेत ‘पासवर्ड-स्टोअर’ हा पर्याय देऊन दोन्हीकडे जीनोमची तिजोरी, किंवा दोन्हीकडे केवॉलेट, असे ठरवता येते. निवडलेली तिजोरी दोन्ही सेशनमध्ये सुरू होते ना, हे मात्र तपासावे. बदल करण्यापूर्वी जुन्या सेशनमध्ये जाऊन पासवर्ड निर्यात करावेत आणि मग नव्या व्यवस्थेत आयात करावेत. निर्यात झालेली फाईल साध्या, कोणालाही वाचता येईल अशा अक्षरांत असते. काम होताच ती नष्ट करावी, आणि कचरापेटीतूनही काढावी.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांना यातले बरेचसे लागू नाही. तो पासवर्ड व किल्ली दोन्ही आपल्याच प्रोफाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे सेशन कोणतेही असो, त्याला फरक पडत नाही. पण मुख्य पासवर्ड न लावल्यास तेथेही किल्ली कुलपाशेजारीच असते.