जिवंत पेशीतील सूक्ष्म दिवे

पेशी बहुधा पारदर्शक असते. तिचे भाग ठळक दिसावेत म्हणून आपण तिच्यावर रंजकद्रव्य घालतो. पण पुष्कळदा त्यासाठी पेशी आधी मारावी लागते. मग जिवंत पेशीतील घडामोडी पाहायच्या कशा?

येथे अनुस्फुरण उपयोगी पडते. एका रंगाचा प्रकाश शोषून लगेच दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणे म्हणजे अनुस्फुरण. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनच्या द्रावणात ते अभ्यासले. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी अधिक असते, असे त्यांना आढळले. असे का व्हावे?

फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढण्यासाठी १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनची ऊर्जा २.७६ येते, तर ५४० नॅनोमीटरच्या हिरव्या फोटॉनची २.३०. उरलेली ०.४६ ऊर्जा रेणूंच्या कंपनांत जाऊन तिची उष्णता होते. रंग बदलल्यामुळे निळा प्रकाश गाळणीने अडवता येतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर फक्त हिरवे ठिपके चमकतात.

अडचण अशी, की साधी अनुस्फुरक रंजके तीव्र प्रकाशात लवकर विटतात. शिवाय असा प्रकाश पेशीलाही इजा करतो. म्हणून मंद प्रकाशातही खूप उजळणारा कण हवा. काही बहुवारिकांच्या साखळीत कार्बनचे एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात. अशी साखळी प्रकाश भरपूर शोषते. हे बहुवारिक टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळवून ते द्रावण पाण्यात झटकन मिसळतात. पाणी नकोसे असल्याने साखळ्या आक्रसतात आणि काही दशक नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्या बनतात. नंतर द्रावक काढून टाकतात. गोळीला प्रतिपिंड जोडले, की ती ठरावीक प्रथिनालाच चिकटते. तिच्यात कॅडमियमसारखी विषारी धातू नसते. तरीही ती पेशीला निर्धोक आहे ना, हे तपासावेच लागते.

आता तुम्ही विचाराल, प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. मग २० नॅनोमीटरची गोळी कशी दिसते? तारा आठवा. त्याचा आकार डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा प्रकाश दिसतो आणि जागाही सांगता येते. गोळीचेही तसेच.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. एकाच रंगाच्या दोन गोळ्या १०० नॅनोमीटर अंतरावर असून एकाच वेळी चमकत आहेत. त्या वेगळ्या दिसतील काय? आणि त्यांचे रंग निराळे असतील तर? विचार करून शिक्षकांशी चर्चा करा.